मालवण-निवती-वेंगुर्ल्याहून खोल समुद्रात पक्षी बघायला जायचंय : बोट आणि परवानगीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरअखेर आम्ही पाच जण सिंधुदुर्गात जातोय. कुरव (गल) आणि सुरय (टर्न) हे पक्षी किनाऱ्यावरून पुष्कळ बघून झाले, आता किनारा दिसेनासा होईपर्यंत आत जायचंय. खरी ओढ आहे ती विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल या समुद्रपक्ष्याची. चिमणीपेक्षा जरासाच मोठा, काळपट, शेपटीच्या वर पांढरा पट्टा. अंटार्क्टिकाकडे वीण करून तिकडच्या हिवाळ्यात हा जीव आपल्या अरबी समुद्रापर्यंत येतो. लांब पाय खाली सोडून टपटप टेकवत लाटांवरून अक्षरशः चालतो. बाबांनी आयुष्यभर तळ्यांवरचे पक्षी पाहिले, त्यांना हा एकदा दाखवायचाच आहे. शिअरवॉटर किंवा स्कुआ हे दुसरे समुद्रपक्षी दिसले तर आनंदच.

अडचण बोटीची आहे. पर्यटकांच्या बोटी डॉल्फिन दाखवून लगेच परत फिरतात. ट्रॉलर लांब जातात, ३१ जुलैला पावसाळी मासेमारीबंदी संपली की त्यांची ये-जा सुरू होते, आणि जाळं ओढताना मागे पक्ष्यांची झुंबड असते. पण मच्छीमारीच्या बोटीवर प्रवासी नेता येत नाहीत. एक बोटवाले फोनवर म्हणाले, "कोणी इचारल्यान तर पावणे म्हणान सांगा." सत्तरीच्या माणसाला घेऊन असं जाणं मला पटत नाही.

तर प्रवासी परवाना असलेली, १५ ते २० सागरी मैल (साधारण २८ ते ३७ किमी) आत जाऊन उजेडात परत आणणारी बोट कुणाला माहीत आहे का? लाइफ जॅकेट आणि वायरलेस हवंच. महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात आधी अर्ज करावा लागतो का? कोस्ट गार्डला कोण कळवतं, आपण की बोटमालक?

किनाऱ्यावरच्या मंडळींना खास विचारायचंय : सप्टेंबरअखेर समुद्र कितपत शांत झालेला असतो? पहाटेचा मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) वारा सुरू झालेला असतो का, की ऑक्टोबरची वाट बघावी?

पेट्रेल वासावर लांबून येतात, म्हणून तारली-बांगड्याचे तुकडे आणि माशाचं तेल पाण्यात सोडायचा विचार आहे. बोटवाले याला तयार होतात का?

बाबांना बोट लागते. गोळी आधी घ्यायची हे ठाऊक आहे, पण पक्षी बघायला इंजिन बंद केलं की बोट नुसती डोलत राहते आणि त्रास तेव्हाच जास्त होतो. अशा वेळी तुम्ही काय करता?

वेंगुर्ला रॉक्स (समुद्रातले खडकाळ बेट) वाटेत आले तरी लांबूनच बघणार. तिथे सुरय आणि गुहांमध्ये पाकोळ्या वीण करतात, त्यामुळे खडकावर उतरायचा प्रश्नच नाही. बोटवाल्यांनाही हे आधीच सांगणार आहे.

खर्च वाटून घेऊन आणखी दोघं-तिघं येणार असतील तर स्वागत आहे. बोटमालकाचा नंबर इथे न देता कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.