कॉर्नर मिळाला की आमची तंतरते. पोस्टवर माणूस ठेवायचा की नाही?

नायगावचा_स्टॉपर

मंडळी, मदत हवी आहे. आमची ऑफिसची अकराची टीम आहे, पावसाळी लीग खेळतो. मी स्टॉपर, म्हणजे बचावफळीत मधोमध. परवाच्या रविवारी परळच्या मैदानावर ३-१ ने हरलो आणि तिन्ही गोल कॉर्नरवर खाल्ले. एरवी पूर्ण मॅचमध्ये समोरच्यांनी आमच्या गोलवर धड एक फटका मारला नव्हता.

पहिला गोल : आत वळणारा कॉर्नर, नियर (कॉर्नरच्या जवळच्या, पहिल्या) पोस्टला त्यांच्या बुटक्या फॉरवर्डने नुसती टाळू लावली आणि फार (पलीकडच्या, दुसऱ्या) पोस्टला एकटा उभा असलेल्याने डोक्याने आत ढकलला. दुसरा : आमच्या गोलीसमोर एक जाडजूड गृहस्थ येऊन उभे राहिले. गोलीला हलता येईना, चेंडू कोणाला न लागता थेट आत. तिसऱ्याचं दुःख जास्त. मी हेडर मारून चेंडू डीच्या (पेनल्टी बॉक्सच्या) बाहेर काढला, आम्ही सगळे वर धावलो, त्यांनी परत आत फटका मारला, सहा यार्डांत (गोलसमोरच्या छोट्या चौकोनात) त्यांचा माणूस, त्याने टाच लावली, गोल. आम्ही ऑफसाइडसाठी हात वर करून उभे. रेफ्रीने शांतपणे पोस्टकडे बोट दाखवलं. आमचा लेफ्ट बॅक पोस्टला टेकून उभा होता, लोकलमध्ये दांडा धरून उभं राहावं तसा.

आता ग्रुपवर दोन तट पडलेत. निम्मे म्हणतात प्रत्येकाने आपापला माणूस धरा, निम्मे म्हणतात झोनल, म्हणजे प्रत्येकाने आपापली जागा राखा. आमच्यात सहा फुटी एकच आहे, तोही गोली. काय करावं?

दादरचा_गनर

झोनल, डोळे मिटून. मॅन मार्किंगमध्ये समोरचा ठरवतो तू कुठे पळायचं. २०१४ च्या वर्ल्ड कपची ब्राझील-जर्मनी सेमीफायनल आठव. अकराव्या मिनिटाला जर्मनीच्या क्रूसचा कॉर्नर, ब्राझीलचा डेव्हिड लुईझ म्युलरच्या मागावर, वाटेत गर्दीत अडकला आणि म्युलर एकटा मोकळा. पुढचं ७-१ सगळ्यांना पाठ आहे. आमचे लोक आर्सेनलमध्ये हेच दुसऱ्यांना करतात. सेट-पीसचा (कॉर्नर, फ्री किकचा) कोच निकोलस जोव्हर २०२१ मध्ये आल्यापासून कॉर्नर म्हणजे अर्धा गोल. सगळे फार पोस्टकडे घोळका करून उभे राहतात, राइस किंवा साका किक मारायला निघाले की एकदम सहा यार्डांत घुसतात. माणूस धरून बसलात तर धडकाधडकीत तुमचेच दोघे पडतात. सहा यार्डांच्या रेषेवर पाच जण उभे करा, आपल्या जागेत आलेला चेंडू मारा, विषय संपला.

जुना_गोली

गनर, बाळा, आर्सेनलकडे सहा फुटांवरचे पाच-सहा जण आहेत. याच्याकडे एक आहे आणि त्याच्या हातात ग्लोव्हज आहेत. तुझ्या त्या पाचांच्या रांगेवर समोरचा दहा पावलं धावत येऊन उडी मारणार आणि आपले जागच्या जागी टाचा उचलणार. सरासरी साडेपाच फुटांच्या टीमला नुसतं झोनल म्हणजे आरती ओवाळून स्वागत.

मी पंधरा वर्षं एका बँकेच्या टीमचा गोली होतो. कूपरेज, आझाद मैदान, क्रॉस मैदान, सगळीकडचा चिखल खाल्लाय. त्या अनुभवावरून सांगतो, झोन की माणूस हे भांडण दुय्यम आहे. आधी दोन गोष्टी ठरवा : पहिल्या पोस्टपाशी पहिला चेंडू कोण तोडणार, आणि गोलीची वाट कोण मोकळी ठेवणार. तुझे पहिले दोन गोल नेमके यातूनच गेलेत.

१९९९ ची चॅम्पियन्स लीगची मॅन्चेस्टर-बायर्न फायनल आम्ही चाळीत एकाच टीव्हीवर तीस जणांनी बघितली होती. आपल्याकडे सव्वाबाराला सुरू झाली, दोन वाजेपर्यंत बायर्न १-० ने पुढे, निम्मे लोक झोपायला गेले. मग बेकहॅमचे दोन कॉर्नर. पहिल्याला मॅन्चेस्टरचा गोली श्मायकेलसुद्धा वर आला होता, बायर्नवाल्यांची त्या गडबडीत तारांबळ, क्लिअरन्स फसला, गिग्जचा फटका नीट बसला नाही आणि वाटेत शेरिंगहॅमने पाय घातला. दुसऱ्याला पहिल्या पोस्टपाशी शेरिंगहॅमचं डोकं, पलीकडे सोल्शेअरचा पाय. म्हणजे एक गोल क्लिअर केलेल्या चेंडूवरचा, एक पहिल्या पोस्टच्या टाळूवरचा. परळला तू तेच दोन गोल खाल्लेस बघ, फक्त उलट्या क्रमाने.

आता माणसं मोज. गोली एक. पहिल्या पोस्टवर एक. त्याच्या पुढे दोन-तीन पावलांवर, सहा यार्डांच्या कोपऱ्यात, टीममधला सगळ्यात चांगला उडी मारणारा. उंच नसला तरी चालेल, पण घाबरट नको. त्याला एकच काम : त्याच्या डोक्याखालून काही पलीकडे जाता कामा नये. मध्ये एक, तो तू. दुसऱ्या पोस्टच्या बाजूला एक, पण पोस्टला चिकटून नाही, तोंड मैदानाकडे. त्यांच्या तीन हेडरवाल्यांवर आपले तीन. यांनी चेंडू जिंकायचाच असं नाही, त्यांची धाव मोडली की पुरे. छाती आडवी घालायची, हात खाली. गोलीच्या पुढ्यात एक आपला धिप्पाड माणूस, त्या जाडजूड गृहस्थांच्या आणि गोलीच्या मध्ये शिरायला. डीच्या टोकावर एक. वर एक, टीममधला सगळ्यात वेगवान. तो वर थांबला की त्यांचे दोघे तरी मागे राहतात, डीमधली गर्दी आपोआप कमी. अकरा भरतात.

पोस्टवरच्या माणसाचं म्हणशील तर दुसऱ्या पोस्टला नकोच. तिकडे जाणारा चेंडू हवेत जास्त वेळ असतो, गोलीला पोचता येतं. पहिल्या पोस्टला मात्र मी ठेवतो, कारण तिथे आत वळणारा जोरकस चेंडू गर्दीतून गोलीला दिसतच नाही. पण गोली ‘बाहेर!’ ओरडला की सगळ्यात आधी पळायचं ते या माणसाने. तुझा लेफ्ट बॅक पोस्टला उभा होता ही चूक नाही, तो तिथेच राहिला ही चूक.

आणि ओरडणारा एकच, गोली. ‘माझा’ किंवा ‘बाहेर’, दोनच शब्द. आमच्याकडे एक जण ‘सोड, सोड’ ओरडायचा. चेंडू सोड की माणूस सोड, ते पंधरा वर्षांत कळलं नाही.

पावसात ओला चेंडू झेलायच्या भानगडीत पडू नका. दोन्ही मुठींनी पंच, उंच, लांब आणि टचलाइनच्या बाजूला. मधोमध पाडलात तर तो फटका मारायला कोणीतरी उभाच असतो. (आमच्या वेळी पेपरात रेफ्रीला पंच लिहायचे. ‘गोलरक्षकाने पंच मारला’ असं एकदा छापून आलं तेव्हा आई दोन दिवस बोलली नव्हती.)

शिट्टी_आणि_छत्री

काकांचं पटलं. मी रेफ्री आहे, म्हणून नियमांपुरतं लिहिते.

गोलीला सहा यार्डांत खास संरक्षण असतं हा मुंबईतल्या मैदानांवरचा लाडका गैरसमज आहे. आपल्या जागेवर उभं राहायचा हक्क प्रत्येकाला आहे. तो जाडजूड माणूस नुसता उभा असेल तर मी काही देणार नाही. चेंडू खेळायच्या कक्षेत नसताना तो सरकून गोलीच्या वाटेत आला तर अडथळा : धक्का न लागता असेल तर इनडायरेक्ट फ्री किक (थेट गोल धरत नाहीत), धक्का लागला तर डायरेक्ट. पण किक बसेपर्यंत चेंडू खेळात नसतो, तोवरच्या खेचाखेचीवर मी फ्री किक देऊ शकत नाही, थांबवून ताकीद देते, पुन्हा केलं तर कार्ड. म्हणून गोलीने किकच्या आधी सांगावं. गोल झाल्यावर माझ्यामागे धावून उपयोग नाही. आणि डिफेंडरनो, किक बसल्यावर शर्ट धरलात तर सरळ पेनल्टी.

तिसऱ्या गोलचं : कॉर्नरवरून थेट ऑफसाइड नसतो, पण चेंडू क्लिअर होऊन त्यांनी परत आत मारला की नियम पुन्हा लागू. मोजायचा तो बचाव करणाऱ्यांतला शेवटून दुसरा खेळाडू, गोली धरून; पास निघताना समोरचा त्याच्याही पुढे गोलजवळ असेल तर ऑफसाइड. म्हणजे तुमचा गोलीही लाइनवरच असणार. तो पुढे आला असता, तर पोस्टवरचा एकटा लेफ्ट बॅक त्यांच्या माणसाला ऑफसाइडपासून वाचवू शकला नसता. सगळं त्याच्यावर ढकलू नका.

जाता जाता : २०२५-२६ च्या हंगामापासून गोलीने चेंडू आठ सेकंदांहून जास्त हातात ठेवला तर समोरच्यांना कॉर्नर मिळतो. तुमच्या टीमला हे परवडायचं नाही.

नायगावचा_स्टॉपर

ताई, गोली लाइनवरच होता. तुम्ही लिहिलेलं आजच लेफ्ट बॅकला दाखवलं, तेव्हापासून तो ग्रुपवर परत बोलायला लागलाय.

काका, तुमची मांडणी काल करून बघायची होती. वडाळ्याच्या टर्फवर रात्री दहाचा स्लॉट घेतला. पण वर जाळी, गोल कमरेपेक्षा जरा उंच, कॉर्नर उचलला की जाळीला लागून खाली. शेवटी आज सकाळी सहाला मैदानात गेलो, क्रिकेटवाले यायच्या आत. वीस कॉर्नर मारले. पहिले आठ जुन्या सवयीने, त्यात तीन गोल. मग तुमच्यासारखे उभे राहिलो, बारांत एक. तोही गोलीने ओला चेंडू झेलायला गेला म्हणून.

एक शंका. त्यांनी शॉर्ट कॉर्नर घेतला, म्हणजे आत न उचलता जवळच्याला पास दिला, तर कोण जाणार?

जुना_गोली

पहिल्या पोस्टवरचा जाईल, आणि तो एकटा नको, डीच्या टोकावरचाही निघेल. ते दोघे असतील तर आपले दोघे. किक बसेपर्यंत ९.१५ मीटर लांब, मग धाव. पोस्ट रिकामा राहिला म्हणून घाबरू नका, तोवर कोन बदललेला असतो आणि बाकीच्यांनी दोन पावलं वर यायचं असतं. इथे ऑफसाइड मिळतो, तो घ्या.

आणि गोलीला सांग, ग्लोव्हजची दुसरी जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोस्टमागे ठेव. हाफटाइमला बदल. हवामान खात्याने रविवारी जोरदार सांगितलंय.