५५ ग्रेन वजनाची गोळी सगळ्याला पुरत नाही. रायफलच्या नळीचा पीळही बघा

"वेग असला की झालं, ५५ ग्रेनची एकच गोळी कोयोटीपासून रानडुकरापर्यंत चालते" हे चर्चेतलं मत कोयोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्यापुरतं मान्य. पण .२२३ रायफलची ती व्हार्मिंट (छोट्या उपद्रवी प्राण्यांसाठीची) गोळी पातळ जॅकेटची, म्हणजे पातळ धातूच्या आवरणाची, लागताक्षणी फुटावी म्हणूनच बनवलेली. मोठ्या नर डुकराच्या खांद्यावर जाड, चिवट ढाल असते. तिथे ती वरच्यावर फुटू शकते आणि जखमी जनावर झाडीत तडफडत राहतं. हे टाळायलाच हवं. बाँडेड (आवरण आतल्या शिशाला घट्ट जोडलेली) किंवा अख्ख्या तांब्याची गोळी घ्या.

नळीच्या पिळाचा, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या वळणदार खाचांचा, विषय मात्र कुणीच काढला नाही. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि लांब गोळी स्थिर राहायला पीळ जास्त लागतो. १२ इंचांत एक वेढा देणाऱ्या जुन्या नळीतून मी ६९ ग्रेनच्या गोळ्या कागदावर मारून पाहिल्या: भोकं गोल नव्हतीच, लांबट, गोळी आडवी होऊन घुसल्याची. ८ इंचांत एक वेढा देणाऱ्या, म्हणजे जास्त पिळाच्या नळीतून त्याच गोळ्यांची भोकं स्वच्छ गोल. हरणासाठी तर आधी त्या राज्याचा नियम वाचा, अमेरिकेतल्या कोलोरॅडोत .२४ इंचापेक्षा लहान कॅलिबर (गोळीचा व्यास) चालत नाही.