बायकांसाठी कार्यक्रम आखताना आधी तिचे तास बघायचे की आधी हातात पैसे द्यायचे?

कुळागरवाली
गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या आठ बचत गटांसाठी तीन वर्षांचा कार्यक्रम आखायचं काम माझ्याकडे आलंय, महिनाअखेर आराखडा द्यायचाय. गेल्या वेळचा काढून बघितला. शिवण, लोणची-पापड, अगरबत्ती, मोबाईलवरून विक्री. प्रशिक्षण सकाळी दहा ते एक. दहा ते एक! त्या वेळेला घरात रांदप म्हणजे स्वयंपाक चालू असतो, नुस्तं म्हणजे मासे साफ करायचे असतात, म्हाताऱ्या माणसाला पेज द्यायची असते, बालवाडीतनं बारकं घरी येतं. नोंदणी बावीस जणींची झाली, शेवटच्या दिवशी नऊ उरल्या, आणि अहवालात लिहिलं "महिलांमध्ये उदासीनता". ह्या शब्दाचा मला अजून राग येतो, कारण त्या तेरा जणींपैकी पाच जणींच्या घरी मी स्वतः गेलेय आणि एकही उदास नव्हती, सगळ्यांचे हात भरलेले होते.

म्हणून माझं म्हणणं आहे की पहिल्या वर्षी कुठलाही नवा धंदा शिकवायचा नाही. आधी प्रत्येक घरात दिवस कसा जातो ते मांडायचं, बाईचा पण आणि पुरुषाचा पण. सरकारची २०२४ ची वेळ-वापर पाहणी आहे, पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार असा पूर्ण दिवस अर्ध्या अर्ध्या तासाने विचारतात. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८. जे करतात त्यांची, हे लक्षात घ्या, कारण बहुतेक पुरुष त्या हिशोबात येतच नाहीत. वर माणसं सांभाळणं वेगळं मोजलेलं, बायकांची १३७ मिनिटं. डायन एल्सन म्हणून अर्थतज्ज्ञ बाई आहेत त्यांनी ह्या बिनपगारी कामाचं काय करायचं ते तीन शब्दांत मांडलंय, ओळखा, कमी करा, वाटून घ्या. पुढे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने त्यात मोबदला आणि प्रतिनिधित्व जोडलं. मला ह्याच क्रमाने जायचंय. विरोध असेल तर स्पष्ट लिहा, आराखडा अजून माझ्याच हातात आहे.

पेडणे_८७
मी विरोधात. तास मोजून बाईला मिळणार काय? मी बारा वर्षं चवथीच्या नेवऱ्या म्हणजे करंज्या, चकल्या ऑर्डरने करते. पैसे येत नव्हते तेव्हा माझ्या घरात कोणी स्वतःचं ताट उचलत नव्हतं. पैसे यायला लागले, मग मिक्सर आला, वॉशिंग मशीन आलं, आणि नवरा आता स्वतः गिरणीवर जाऊन पीठ आणतो कारण ऑर्डर चुकली तर घराचंच नुकसान आहे हे त्याला कळतं. कोणी येऊन त्याला समानता शिकवली नाही. आधी कमाई, बाकीचं आपोआप येतं. तुम्ही पहिलं वर्ष नुसतं कागदावर तास लिहिण्यात घालवलंत तर माझ्यासारखी बाई दुसऱ्या बैठकीला येणार नाही.

कुळागरवाली
तुमच्या घरात झालं ते खरं आहे आणि मला ते हवंच आहे. एकच विचारते ताई, चवथीच्या त्या पंधरा दिवसांत तुमच्या सासूबाईंना कोण बघायचं?

पेडणे_८७
थोरली मुलगी. दहावीला होती ती त्या वर्षी.
(उत्तर लिहून थोडा वेळ थांबले. हे असं कोणी विचारलं नव्हतं. तरी पण माझं मत तेच आहे, पैसा नसता तर मी आणि ती दोघी चुलीपाशीच असतो.)

निवृत्त मास्तर, डिचोली
मला ह्या सगळ्या भाषेचीच अडचण आहे. आई लेकराला भरवते ते मिनिटांत मोजायचं, त्याला "काम" म्हणायचं, मग उद्या त्याचा दर ठरवायचा. १९७२ पासून युरोपात घरकामाला पगार द्या म्हणून चळवळ झाली, सेल्मा जेम्स, सिल्विया फेदेरिची वगैरे, मी वाचलंय, पगार कुठल्या देशाने दिला? घर कारखान्यासारखं चालत नाही, माया आहे म्हणून चालतं. दुसरं, आपण गोव्यात आहोत हे विसरू नका. पोर्तुगीज नागरी संहितेपासून इथे लग्न झालं की मालमत्ता दोघांची, अर्धी अर्धी. दमण-दीव सोडलं तर बाकीच्या भारतात बाईला हे नाही. आणि २०१२ पासून राज्य सरकारची गृह आधार योजना आहे, महिना १५०० रुपये थेट तिच्या खात्यात. ज्या राज्यात कायदा आणि सरकार दोघांनी गृहिणीला मानलंय तिथे परत "ओळखा" कसलं?

फोंड्याची वकील
मास्तर, कायद्याचं तुम्ही बरोबर सांगितलंत, पुढचं मी सांगते. लग्नाआधी वेगळा करार केला नाही तर मालमत्ता सामाईक, घर-जमीन विकायला दोघांची संमती लागते, आणि आयकर कायद्याच्या १९६१ च्या पुस्तकात तर गोवा, दमण-दीव आणि दादरा-नगर हवेलीतल्या जोडप्यांसाठी खास कलम ५अ होतं, पगार सोडून बाकी उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं निम्मं धरायचं. म्हणजे कायद्याने कधीच मान्य केलंय की एकाची कमाई ही दोघांच्या कामातून येते. पण निम्मा वाटा आहे म्हणून निम्मी भांडी कुठल्या घरात घासली गेली? आणि वाटा पण किती जणींना हातात मिळतो, माहेरच्या वाट्यावर हक्कसोड करून देणाऱ्या बहिणी मी रोज बघते, "भावाचं मन कशाला मोडायचं" म्हणून सही करतात.

मायेबद्दल. माया मोजायची कोणी म्हणत नाहीये. माया सगळ्यांनाच असते तर बाबाला पण असते ना, मग त्याची माया भांड्यापर्यंत का जात नाही एवढंच विचारतोय. २००१ च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत "अनुत्पादक" धरलं होतं, २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक शब्दांत लिहिलं. अपघातात बाई गेली की मात्र कोर्टात तिच्या घरकामाची किंमत काढतात. ती जिवंत असताना का काढू नये?

निवृत्त मास्तर, डिचोली
किंमत काढा, पण घरात भांडण लावू नका. एका घरात हिशोबाची वही आली की काय होतं ते मी भावाभावांत बघितलंय.

तारवट्याची बायको
मी दोन्ही बाजूंना सांगते. "वाटून घ्या" माझ्या घरात कोणाशी वाटू? नवरा जहाजावर, वर्षातले आठ-नऊ महिने. घरी सासरे, पॅरालिसिस, चार वर्षं अंथरुणाला. सगळ्या कार्यक्रमांत पाळणाघर पाळणाघर चालतं, माझी मुलं मोठी झाली, मला पाळणाघराचं काय? २०११ च्या जनगणनेत गोव्यात साठीच्या वरची माणसं ११.२ टक्के होती, केरळनंतर आपलाच नंबर, त्यानंतर तर आणखी वाढली असणार, घराघरात बघा ना. म्हातारं माणूस सांभाळणं हे इथलं मोठं काम आहे आणि ते कोण बोलतच नाही. गृह आधाराचे १५०० मला मिळत पण नाहीत, उत्पन्न तीन लाखांच्या वर म्हणून. पैसे आहेत हो माझ्याकडे. मला चार तास हवेत, बाजारात जाऊन निवांत यायला.

कुळागरवाली
हे मी लिहिलंच नव्हतं, आराखड्यात फक्त बालवाडीची वेळ वाढवायचं आहे. चूक माझी. आणि पाहणीत पण हे नीट पकडता येत नाही, तुम्ही नुस्तं कापताना एक कान सासऱ्यांच्या खोलीकडे असतो, तो कान कुठल्या रकान्यात लिहायचा?

कोलंबियात बोगोटा शहरात २०२० पासून "काळजीचे ठोकळे" म्हणतात तशी केंद्रं काढलीत. एकाच जागी बाई आपली शाळा पुरी करते, व्यायाम करते, त्या वेळात तिची मुलं किंवा म्हातारं माणूस तिथेच दुसरं कोणी बघतं, सार्वजनिक धुलाई मशीन आहेत, आणि पुरुषांना स्वयंपाक, बाळ सांभाळणं शिकवायचे वर्ग पण आहेत. मला हे आपल्या सत्तरीतल्या वाळपई गावात करता येईल असं वाटतं.

पेडणे_८७
बोगोटा शहर आहे. तुमच्या सत्तरीत एका वाड्यावरनं दुसऱ्या वाड्यावर जायला बस दिवसाला दोन. केंद्र वाळपईत काढलंत तर वाळपईच्याच बायका येणार.

कुळागरवाली
तिथे पण लांबच्या वस्त्यांसाठी बस फिरवतात. पण बरोबर आहे, आपल्याला वाड्यावरच काहीतरी लागेल.

सेविका_२१वर्षं
सगळं वाचलं. आता मला सांगा वाड्यावर ते म्हातारे आणि मुलं बघणार कोण? मीच ना? की माझ्यासारखी दुसरी कोणी? अंगणवाडीत आम्ही मुलांना भरवायचं, गरोदर बाईची नोंद, वजन, लसीकरणाला बोलवायचं, निवडणूक आली की ते पण, आणि मिळतं ते "मानधन". पगार म्हणत नाहीत. २०२२ ला सर्वोच्च न्यायालयात जाऊन ग्रॅच्युइटीचा हक्क मिळवावा लागला आमच्या लोकांना. घरातलं काम फुकट म्हणून तुम्ही बाहेर आणणार आणि बाहेर अर्ध्या पैशात दुसऱ्या बाईच्या डोक्यावर ठेवणार असाल तर मी विरोधात आहे, साफ विरोधात. शहरातल्या फ्लॅटमध्ये हेच होतं, मॅडम नोकरीला जातात म्हणून झारखंड-ओडिशाची मुलगी ठेवतात, तिच्या पोराला गावी कोण बघतं? आराखड्यात पहिली ओळ पगाराची लिहा. मग बाकीचं.

फोंड्याची वकील
एकदम मान्य. आणि पगार लिहिताना "सेवाभावी" हा शब्द कुठे येऊ देऊ नका, त्या एका शब्दाने हक्क जातो.

निवृत्त मास्तर, डिचोली
सेविकाताईंचं मला पटलं. काम केलं तर दाम हवा. तरीही घराच्या आत तुम्ही जाऊ नये असंच मला वाटतं. पुरुष बाहेर राबतो ते पण मोजा की.

कुळागरवाली
मोजणारच आहे सर, म्हणून तर पुरुषाचा दिवस पण घेतेय. पण बाहेर राबतो म्हणून घरात करत नाही हे मला इथे खरं वाटत नाही, आमच्या भागात ते सगळ्यांनी बघितलंय. २०१२ ला खाणी बंद झाल्या, परत २०१८ च्या मार्चमध्ये. ट्रक दारात उभे, माणसं घरात. काम नव्हतं, वेळ होता. बायका काजूच्या हंगामात पहाटे उठून बिया गोळा करायला जायच्या, कोणी हॉटेलात भांडी घासायला लागल्या, आणि घरी येऊन परत चुलीपाशी त्याच. पुरुषांवर पण वाईट वेळ होती ती, कर्ज होतं, मन खचलेलं, मी ते हलकं करत नाही. पण मोकळा वेळ आपोआप स्वयंपाकघरात जात नाही हे तेव्हा समजलं. आणि पेडण्याच्या ताईंना पण हेच सांगायचंय, पैसा आला तरी ते काम जातं कुठे तर घरातल्या मुलीकडे.

आता बदल सांगते. कमाईचं पहिल्या वर्षापासून ठेवते, तुमचं म्हणणं ऐकून, पण नवीन धंदा नाही, जे चालू आहे त्यातलंच कष्ट कमी करणारं, म्हणजे चार वाड्यांत गटाच्या मालकीची पीठगिरणी आणि वॉशिंग मशीन. तासांची नोंद एक महिनाच, वर्षभर नाही. म्हाताऱ्यांसाठी प्रत्येक वाड्यावर दोन माणसं, त्यातला एक पुरुष असलाच पाहिजे, शिकवून आणि राज्याच्या किमान वेतनाच्या खाली नाही असं लिहून. गिरणी कमी घेऊ पण पगार कापायचा नाही.

पेडणे_८७
पुरुष मिळणार नाही तुम्हाला. पण गिरणीचं चांगलं आहे. मुलींचा पण दिवस लिहा त्या नोंदीत, दहावीच्या, बारावीच्या. नुसता बाई आणि पुरुष नको.

सेविका_२१वर्षं
पुरुष मिळेल. पगार बरा असला की मिळतो.

तारवट्याची बायको
चार तास म्हणजे कुठले ते आधी विचारा प्रत्येक घरात. मला दुपारचे नकोत, दुपारी सासरे झोपतात, तेव्हा मी मोकळीच असते आणि दुकानं बंद असतात. सकाळी सात ते अकरा. ह्या वेळेला कोण येत असेल तर माझं नाव पहिलं लिहा.