गोळा कापल्यावरही पोटॅशियम चॅनेलचा प्रवाह का ओसरतो? मदत हवी आहे

नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात एम.एस्सी. करणारी विद्यार्थिनी असून, विद्युतदाबाने उघडणारे चेतापेशींतील पोटॅशियम चॅनेल (पोटॅशियमचे आयन पेशीबाहेर जाऊ देणारी प्रथिनांची छिद्रे) निष्क्रिय कसे होतात, यावर मला पुढील आठवड्यात वर्गात बोलायचे आहे. चॅनेल मिटणे आणि निष्क्रिय होणे यांतला फरक मला यावलकडच्या आमच्या केळीबागेत दारे धरताना पाहिलेल्या गोष्टीवरून चटकन कळला: पाणी थांबते ते एक तर दारावर माती ओढल्याने, नाहीतर दार उघडेच असताना त्यात वाळल्या पानांचा बोळा अडकल्याने. (ठिबक आल्यापासून घरातल्या लहानांना हा दाखला कळत नाही, ते सोडा.)

अडचण पुढे आहे. होशी, झगोटा आणि ऑल्ड्रिच यांनी १९९० मध्ये फळमाशीच्या शेकर नावाच्या पोटॅशियम चॅनेलच्या एन-टोकाचा (प्रथिनाच्या साखळीच्या सुरुवातीचा) भाग कापला, तेव्हा झटपट निष्क्रिय होणे थांबले. आणि त्याच टोकाच्या पहिल्या २० अमिनो आम्लांचे कृत्रिम पेप्टाइड पेशीच्या आतल्या बाजूने दिल्यावर ते पुन्हा दिसू लागले. म्हणजे हे टोकच साखळीला बांधलेला गोळा होऊन आतून छिद्रात बसते, हे पटते. मात्र ६ ते ४६ ही अमिनो आम्ले कापलेल्या चॅनेलच्या आलेखातही, विध्रुवण (चॅनेल उघडणारा विद्युतदाबातला बदल) लांबवले की प्रवाह सावकाश ओसरतो. हा गोळ्याचाच उरलेला भाग समजावा का? आणि बाहेर पोटॅशियम वाढवले की हे ओसरणे मंदावते, ते का? आयन बाहेर जाण्याची ओढ त्याने उलट कमी व्हायला हवी.

उत्तर: ताई, गोळा पूर्ण गेलेला आहे. तुम्हाला दिसते ती सी-प्रकारची निष्क्रियता असून तिची जागा छिद्राच्या बाहेरच्या तोंडाशी, आयन निवडणाऱ्या अरुंद गाळणीत आहे. ओढ कमी होते हे तुमचे म्हणणे बरोबर आहे, पण ती प्रवाहाच्या आकाराची गोष्ट झाली; ओसरण्याचा वेग गाळणीवर ठरतो. गाळणीत पोटॅशियमचा आयन बसलेला असेपर्यंत तिचा आकार बिघडत नाही, आणि बाहेर पोटॅशियम भरपूर असले की रिकामी झालेली जागा लगेच भरते. पडताळा टेट्राइथाइल अमोनियम या छिद्र अडवणाऱ्या रसायनाने मिळतो. ते आतून दिले तर गोळ्याशी जागेसाठी झगडते आणि एन-प्रकार (गोळ्यामुळे येणारी झटपट निष्क्रियता) मंदावतो. बाहेरून दिले तर गोळ्याला काही होत नाही, सी-प्रकार मात्र मंदावतो. वर्गात हाच प्रयोग आधी सांगा, चित्रे नंतर दाखवा.

प्रश्नकर्ती: आभारी आहे, दादा. सस्तन प्राण्यांच्या चेतापेशींत प्रत्येक चॅनेलला स्वतःचा गोळा असतो का?

उत्तर: नाही. केव्ही१.४ या सस्तन प्राण्यांतल्या पोटॅशियम चॅनेलला असतो. केव्ही१.१ या दुसऱ्या चॅनेलला नसतो, पण केव्ही-बीटा१ हे जोडप्रथिन सोबत आले की त्याच्या टोकाचा गोळा हेच काम करतो.