लहान पाणीपुरवठा योजना विकत घेऊन चालवायची, तर पात्रता काय लागते?

रसायनवाली

नमस्कार मंडळी. एक खासगी पाणी योजना विकायला निघाली आहे. दोन बोअर, एक उंच टाकी, क्लोरीनचा डोसिंग पंप आणि तीनशेच्या आसपास नळजोडण्या, चोवीस तास पाणी. मालक आता थकलेत आणि मुलांना यात रस नाही. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. आहे, प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासण्याचं काम केलंय. नवरा म्हणतो, पाणी सोडायचं नि पाणीपट्टी गोळा करायची, यात शिकायचं काय? मला ते पटत नाही म्हणून इथे विचारते. मालक व्हायला परीक्षा किंवा परवाना लागतो का? माझी पदवी पुरेल का? की मालकी माझी आणि चालवायला पगारी माणूस, असं जमतं?

पाणीदार

पंप चालू, पंप बंद. बाकी सगळा बाऊ आहे. तुमची पदवी तर उलट जास्तच झाली. पैसे असतील तर घेऊन टाका, पाण्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

जुना व्हॉल्व्हमन

पाणीदार, पंपावर रात्र काढलेली दिसत नाही तुम्ही. असो.

ताई, मालक आणि चालक ही दोन वेगळी माणसं आहेत असं धरून चला, भले दोन्ही तुम्हीच असाल. परीक्षा नि प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी चालकाला लागतं. मालकाला काय लागतं ते त्या त्या ठिकाणचा कायदा ठरवतो, आणि योजनेचं आकारमान किती यावरही ते अवलंबून असतं. अमेरिकेत १५ जोडण्या किंवा वर्षातले ६० दिवस तरी २५ माणसं एवढं झालं की योजना सार्वजनिक धरतात आणि नियम लागू होतात. तीनशे जोडण्या म्हणजे तुम्ही ‘घरगुती बोअर’ म्हणून कुठेच सुटणार नाही. अमेरिकेत चालकाला पदवी लागत नाही. शालेय शिक्षण, परीक्षा, हाताखालचा अनुभव आणि ठरावीक वर्षांनी प्रशिक्षण घेऊन नूतनीकरण, असा साचा आहे. लहान योजनांना कंत्राटी चालकही चालतो, एकच माणूस चार-पाच ठिकाणी बघतो. म्हणजे पगारी माणसाचं तुमचं गणित अशक्य नाही.

पण वॉकर्टनचं नाव ऐकलंय का? कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातलं, जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव. मे २००० मध्ये मोठा पाऊस झाला आणि शेणखत टाकलेल्या रानातून ई. कोलाय जंतू एका उथळ विहिरीत उतरले. सात माणसं गेली, दोन हजारांहून जास्त आजारी पडली. योजना बघणाऱ्या दोघा भावांकडे प्रमाणपत्र होतं बरं का! परीक्षा न देता, जुने कामगार म्हणून मिळालेलं. क्लोरीन कमी टाकायचे, रोज मोजायचे नाहीत, आणि वहीत आकडे मनाने भरायचे. प्रयोगशाळेने पाणी खराब असल्याचं कळवलं, तेही त्यांनी आरोग्य खात्यापासून दडवलं. वाईट हेतू असावा असंही नाही, कारण विहिरीवरचं बिनक्लोरीनचं पाणी ते स्वतः पीत असत. पाणी चांगलंच आहे अशी त्यांची खरोखरच खात्री होती, आणि मला त्यातलं सगळ्यात घाबरवणारं तेच वाटतं. पुढे तिथे २००२ मध्ये नवा कायदा आला आणि नगरपालिकेच्या योजनांवर देखरेख करणाऱ्यांनाही, अगदी निवडून आलेल्या सदस्यांनाही, काळजी घेण्याची कायदेशीर जबाबदारी लागू झाली. चालक पगारावर मिळतो, पण त्याची वही खरी आहे की नाही हे बघायचं काम तुमच्याकडेच राहतं. त्यासाठी वही वाचता आली पाहिजे.

इथे तुमची पदवी कामाला येईल. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पीएच ८ च्या खाली असताना निदान ३० मिनिटं संपर्क मिळून मुक्त क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅम उरायला हवा आणि नळाशी निदान ०.२ मिलिग्रॅम. एक लाख लिटर पाण्याला लिटरमागे २ मिलिग्रॅमचा डोस म्हणजे २०० ग्रॅम क्लोरीन. ताज्या टीसीएलमध्ये, म्हणजे ब्लीचिंग पावडरमध्ये, तिसरा हिस्सा क्लोरीन धरला तर ६०० ग्रॅम पावडर. पोतं दमट खोलीत उघडं राहून ताकद २० टक्क्यांवर आली असेल तर तेवढ्याच कामाला एक किलो. हे गणित तुम्ही झोपेतही कराल. पोत्याची अवस्था मात्र खोलीत जाऊनच कळते.

पदवीत नसलेला भाग म्हणजे पाइपलाइन. व्हॉल्व्ह किती सावकाश फिरवायचा, नाहीतर पाण्याचा दणका बसून जुना सांधा सुटतो. चढावर एअर व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपातली हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, अडकला की पुढच्या घरांना पाणी का जात नाही. पंपाचे अँपिअर नेहमीपेक्षा वेगळे दिसले तर काय बिघडलं असेल. लाइनमधला दाब पडला की बाहेरचं घाण पाणी फुटक्या सांध्यातून आत शिरतं, म्हणून दुरुस्तीनंतर वॉश आऊट (लाइनमधलं पाणी बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह) उघडून लाइन धुवायची, क्लोरीन वाढवायचा आणि नमुना घ्यायचा. हे सगळं माझ्या उस्तादांनी मला चावी हातात न देता नुसतं बघायला लावून शिकवलं. तेव्हा राग यायचा.

हिशेबनीस

मी दोन-तीन लहान योजनांचे हिशेब पाहते. व्हॉल्व्हमन काकांनी तांत्रिक बाजू सांगितली, मी पैशाची सांगते. अमेरिकेने १९९६ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या कायद्यात बदल केला तेव्हा नव्या योजनांकडून तीन क्षमता मागितल्या: तांत्रिक, व्यवस्थापकीय आणि आर्थिक. मला ही विभागणी कुठेही लावण्याजोगी वाटते. लहान योजना बुडते ती बहुधा तिसऱ्या बाजूने. पाणीपट्टीतून वीज, पगार, क्लोरीन आणि नमुन्यांचा खर्च निघतो, म्हणून मालक योजना फायद्यात धरतो. मग बोअरमधला पंप जळतो आणि बाजूला काहीच ठेवलेलं नसतं. तुमच्यासारख्या नव्या मालकाच्या गळ्यात हाच पंप येतो.

दर वाढवण्याचा अधिकार मालकाला आहे की कुणाची मंजुरी लागते, हे सौद्याआधी लेखी विचारा. बोअर ज्या जमिनीत आहेत ती जमीन सौद्यात येते का? पाइप कुणाच्या आवारातून जातात आणि तिथे खोदायचा हक्क कागदावर आहे का? एका योजनेत टाकीपर्यंत जायची वाटच दुसऱ्याच्या मालकीची निघाली होती. खरेदीखत झाल्यावर.

रसायनवाली

दोघांचेही आभार. नवऱ्याला वॉकर्टन वाचून दाखवलं, तो गप्प झालाय. काका, परवा मालकांना भेटणार आहे. सगळ्यात आधी काय मागू?

जुना व्हॉल्व्हमन

क्लोरीनची वही, मागच्या तीन वर्षांची. सगळीकडे ०.५, ०.५, ०.५ असं एकाच शाईत दिसलं तर समजून जा. खरी वही ओबडधोबड असते: कधी ०.३, कधी ०.७, मध्येच ‘डोसिंग पंप बंद, हाताने टाकले’. तिच्याशेजारी पावडर खरेदीच्या पावत्या ठेवा. वहीतल्या डोसला पुरेल एवढी पावडर खरोखर आणली होती का, ते तुम्हाला दहा मिनिटांत काढता येईल.

मग एक रात्र मागा. दोन ते चारच्या दरम्यान बोअर बंद ठेवून टाकीची पातळी किती उतरते ते बघायचं. सगळे झोपलेले असताना मिनिटाला ५० लिटर जात असतील तर ते चोवीस तासांचे ७२ हजार लिटर झाले. तीनशे जोडण्यांना हे फार आहे. थोडं कुणाच्या घरची टाकी भरत असेल, बाकीची गळती. हिशेबनीस ताईंना तो आकडा द्या, त्या किमतीत बसवून देतील.

पाण्याची तपासणी मालकाच्या कागदावर सोडू नका. नमुना स्वतः घ्या, बोअरचा आणि शेवटच्या नळाचा वेगवेगळा. जंतूंसोबत नायट्रेट, फ्लोराइड आणि आर्सेनिक बघा. फ्लोराइड १.५ मिलिग्रॅमच्या वर निघालं तर क्लोरीनने काही होत नाही, वेगळं शुद्धीकरण लागतं आणि मग सगळा सौदाच बदलतो.

आणि सध्याचा चालक कोण आहे ते विचारा. व्हॉल्व्हचा नकाशा बहुतेक त्याच्या डोक्यातच असतो. त्याला निदान एक पावसाळा सोबत ठेवण्याची अट करारात घाला आणि प्रत्येक व्हॉल्व्ह त्याच्याबरोबर फिरून कागदावर उतरवून घ्या. तोवर चालकाची परीक्षा तुम्ही स्वतःही देऊन ठेवा. तो आजारी पडला तर रात्री फोन तुम्हालाच येईल.

पाणीदार

बरं बाबा, पंप चालू-बंद एवढंच नाही. मानलं. पण त्या टाकीजवळच्या वाटेचं पुढे काय झालं?

हिशेबनीस

अजून भांडण चालू आहे.