शब्दचर्चा : कॅलिबर, बोअर, काडतूस, गोळी

अनुवादिका : अमेरिकेतल्या कायोटी या कोल्ह्या-लांडग्यासारख्या जनावराच्या शिकारीवरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. '.२२३ रेमिंग्टन' आणि '.२२-२५० रेमिंग्टन' यांना कॅलिबर म्हणावं की बोअर? दोन्हींपुढे '५५ ग्रेन' लिहिलंय. मग फरक कशात? ग्रेन म्हणजे दारूचे दाणे का?

नेमबाज_पुणे : ग्रेन हे वजन आहे. १ ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, म्हणून ५५ ग्रेन म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅम. डबीवर छापलेला आकडा गोळीच्या वजनाचा असतो. दारूही ग्रेनमध्येच तोलतात, म्हणून भाषांतरात 'गोळीचं वजन ५५ ग्रेन' असं पूर्ण लिहा.

त्याआधी गोळी आणि काडतूस वेगळे करून घ्या. पितळी पुंगळी, तिच्या बुडाची टोपी, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी मिळून काडतूस होतं. उडते ती फक्त गोळी. पोलिसांच्या बातम्यांत 'जिवंत काडतूस' आणि 'रिकामी पुंगळी' नेहमी येतात. तेच शब्द घ्या, नवे घडवू नका.

तुमच्या दोन्ही काडतुसांची गोळी .२२४ इंच, म्हणजे ५.७ मिमी जाडीची. फरक पुंगळीत आहे. .२२-२५० ची पुंगळी मोठी, दारू जास्त. ५५ ग्रेनची गोळी .२२३ मधून सेकंदाला सुमारे ३,२०० फुटांनी सुटते, .२२-२५० मधून ३,६०० च्या वर. त्यातला '२५०' हा आकडा मापाचा नाहीच, .२५० सॅव्हेज या काडतुसाच्या पुंगळीची मान आवळून हे काडतूस बनलं त्याची ती खूण. म्हणून ही विशेषनामं समजा आणि जशीच्या तशी ठेवा.

रानवाटा : 'बोअर' रायफलीला नको. 'बारा बोअर'चा अर्थ, नळीत नेमकी बसणारी शिशाची गोळी एक पौंडात १२ भरते. तिथे आकडा वाढला की नळी बारीक होते. कॅलिबर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप, तिथे उलट. आपल्याकडे '.३१५ बोअर' सर्रास म्हणतात खरं, पण ते इंचातलंच माप आहे. रायफलीला कॅलिबरच लिहा.

आणि नुसतं '.२२' कधीच लिहू नका. '.२२ लाँग रायफल'ची ४० ग्रेनची गोळी सेकंदाला जेमतेम १,२०० फुटांनी जाते. कायोटी साधारण ९ ते २० किलोचा. त्याला ती अपुरी पडते, जनावर जखमी होऊन पळतं आणि कुठेतरी तडफडून मरतं. भाषांतरात 'लाँग रायफल' गाळलं तर वाचकाला चुकीचा सल्ला जाईल.

अनुवादिका : गोळ्यांच्या प्रकारांचं काय? आणि 'ट्विस्ट १:१२'?

नेमबाज_पुणे : 'हॉलो पॉइंट' म्हणजे पोकळ टोकाची. 'फुल मेटल जॅकेट' म्हणजे पूर्ण आवरणाची; ती न फुलता आरपार जाते, दगडावर आपटून उसळते, शिकारीला वाईट. पातळ आवरणाची, प्लॅस्टिकच्या टोकाची गोळी आतच फुटते आणि बऱ्याचदा बाहेर पडत नाही. हिवाळ्यात केस दाट असतात तेव्हा कातडी विकणारे हीच पसंत करतात. मात्र खांद्याच्या हाडावर बसली तर ती वरच्यावर फुटून नुसती उथळ जखम करते. याहून जाड गोळीचं .२४३ विंचेस्टर हे काडतूस वाऱ्यात कमी ढळतं, पण कातड्याला भोकं मोठी पाडतं.

ट्विस्टला 'पीळ' उत्तम. नळीच्या आत गोळीला फिरवणाऱ्या सर्पिल खाचा असतात, त्या आट्या. १:१२ म्हणजे त्यांचा १२ इंचांत एक वेढा. आकडा लहान तितका पीळ घट्ट. लांब गोळीला घट्ट पीळ लागतो. ७० ग्रेनच्या आसपासची .२२४ गोळी १:१२ मधून झाडली तर ती डगमगते आणि कागदावर गोल भोकाऐवजी आडवी चीर दिसते.

रानवाटा : इथेच 'शिसेविरहित' हा शब्द लागेल. कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि पीळही घट्ट हवा. '५५ ग्रेन तांबं' लिहाल तिथे पीळ लिहिलाच पाहिजे.

अनुवादिका : मूळ मजकुरात '.२२३ / ५.५६' असं एकत्र आहे. '.२२३ म्हणजेच ५.५६' केलं तर?

नेमबाज_पुणे : नको, ते धोक्याचं आहे. ५.५६ हे लष्करी काडतूस. बाहेरून दोन्ही काडतुसं जवळपास सारखी. पण ५.५६ च्या रायफलीत गोळीपासून आट्यांपर्यंतची मोकळी जागा जास्त असते. ५.५६ चं काडतूस फक्त .२२३ साठी बनवलेल्या नळीत झाडलं तर दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. उलट, ५.५६ च्या रायफलीत .२२३ चालतं. 'नळीवर जे कोरलंय तेच काडतूस वापरा' हे वाक्य मजकुरात जरूर घाला.