‘राइज’, ‘रेझ’, ‘हाइक’ कशाला? सगळीकडे ‘इन्क्रीज’ लावून भागत नाही का?

पाटीपुसणी (धागाकर्ता)

‘भाडं वाढलं’ आणि ‘मालकाने भाडं वाढवलं’ यांत मराठी माणूस कधी चुकत नाही. इंग्रजीत गेला की मात्र ‘द ओनर रोझ द रेंट’ लिहितो, आणि ‘प्राइसेस आर रेझिंग’ तर रोजचंच. यावर उपाय म्हणून शिकवणीत राइज-रोझ-रिझन, रेझ-रेझ्ड-रेझ्ड, अराइज-अरोझ-अरिझन घोकून घेतात आणि वर सोअर, सर्ज, क्लाइम्ब, एलिव्हेट यांची माळ गळ्यात घालतात.

माझ्या मते रोजच्या कामाला हे ओझं नको. ‘इन्क्रीज’ वाढणे आणि वाढवणे दोन्हींना चालतं, भूतकाळ सरळ ‘इन्क्रीज्ड’. एवढंच सांभाळायचं की क्रियापद असेल तर जोर ‘क्रीज’वर आणि नाम असेल तर ‘इन’वर. बोलताना ‘गो अप’ पुरे. असहमत असाल तर कारण द्या, नुसते नियम नकोत.

कर्ताकर्म

असहमत. ‘इन्क्रीज’ फक्त मोजता येणाऱ्या गोष्टीला लागतं: दर, पगार, वेग, संख्या. हात, प्रश्न, भांडवल, मुलं, तक्रारीचं टिकेट, इन्व्हॉइस या सगळ्यांना ‘रेझ’च लागतं. ‘इन्क्रीज युअर हँड’ म्हणालात तर समोरचा हाताची लांबी बघेल. सूर्याला तर ‘राइज’शिवाय गती नाही.

आणि घोकंपट्टी लागतच नाही. मराठीतला ‘व’ पकडा. वाढणे, उठणे, चढणे म्हणजे राइज. वाढवणे, उठवणे, चढवणे म्हणजे रेझ. क्रियापदाला ‘काय?’ विचारा, उत्तर आलं तर रेझ. ‘अराइज’ला अडचण, शंका, गरज असे डोळ्यांना न दिसणारे कर्ते लागतात आणि तेही स्वतःहून उद्भवतं, म्हणून ‘अ प्रॉब्लेम वॉज अरिझन’ चूक, ‘अ प्रॉब्लेम अरोझ’ बरोबर.

हा ‘व’ दोन ठिकाणी मात्र दगा देतो. ‘भात वाढ’मध्ये ‘व’ नसूनही कर्म आहे, आणि नारळ वाढवतात तेव्हा तो फुटतो. दोन्हीकडे इंग्रजीत वर जाणारं काहीच नाही.

बातमीडेस्क

धागाकर्त्याने एक गोष्ट सोडली. वाढ कुणी केली, हे क्रियापदच सांगतं. एसटीचं भाडं जानेवारी 2025 मध्ये 14.95 टक्क्यांनी वाढलं. तो कुणीतरी बसून घेतलेला निर्णय होता, म्हणून ‘फेअर हाइक’ किंवा ‘फेअर्स वेअर रेझ्ड’. लासलगावच्या लिलावात कांदा चढतो तो आवक आणि मागणी यांच्या ताणातून, म्हणून ‘प्राइसेस रोझ’. सगळीकडे ‘इन्क्रीज्ड’ लिहिलंत की निर्णय घेणारा अलगद सुटतो.

राहिले बाकीचे शब्द. ‘एज अप’ म्हणजे किंचित. ‘क्लाइम्ब’ सावकाश पण सतत. ‘सर्ज’ लाटेसारखी जोरात. ‘स्पाइक’ सुळकन वर आणि लवकरच खाली; दोन महिने टिकलेल्या दराला स्पाइक म्हणू नये. ‘रॅली’ आधी पडझड झाली असेल तरच शोभते. हे अवघड वाटत असेल तर मराठी बाजारपान उघडा. निर्देशांक वधारतो, उसळी घेतो, सावरतो. कांदा कडाडतो, डाळी भडकतात. ‘निर्देशांक कडाडला’ कानाला खटकतं ना? ती जाण आपल्याकडे आहेच, इंग्रजीत तेवढी पोचवायची.

पाटीपुसणी

@बातमीडेस्क, ‘ऑनियन प्राइस हाइक’ हे इथल्या इंग्रजी मथळ्यांत हमखास असतं. ते सगळे चूक?

बातमीडेस्क

नाम म्हणून ‘हाइक’ अचानक आलेल्या मोठ्या वाढीला वापरतात, ते सोडून देऊ. क्रियापद मात्र सकर्मकच आहे. ‘ऑनियन प्राइसेस हाइक्ड’ लिहिलं की वाचणारा विचारणार, कुणी? तिथे उत्तर नाही. आणि ‘टेंपरेचर हाइक’ हे तर हास्यास्पद आहे. उन्हाळा काही बैठक घेत नाही.

टक्काबुक्की

तुम्ही क्रियापदावर भांडताय, पैशाचा घोळ होतो ‘बाय’ आणि ‘टू’मध्ये. मराठीत प्रत्यय ठरलेले आहेत: ‘10 रुपयांनी’ म्हणजे बाय, ‘10 रुपयांवर’ म्हणजे टू. ‘रोझ 10 पर्सेंट’ असं ‘बाय’ गाळून लिहिलं तरी चालतं. त्या जागी ‘टू’ घुसलं की अर्थच बदलतो.

दुसरा खड्डा टक्के आणि टक्केबिंदूंचा (टक्केबिंदू म्हणजे दोन टक्केवारींची सरळ वजाबाकी). केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता 1 जुलै 2023 पासून 42 वरून 46 टक्के झाला. बहुतेकांनी ‘फोर पर्सेंट हाइक’ लिहिलं. मूळ वेतन 30,000 असेल तर भत्ता 12,600 वरून 13,800 झाला, म्हणजे 1,200 जास्त. भत्त्यात खरंच चार टक्के वाढ असती तर हातात फक्त 504 पडले असते. नेमकं लिहायचं तर ‘बाय फोर पर्सेंटेज पॉइंट्स’. रेपो दराचंही (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो व्याजदर) तेच: मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात तो 4 वरून 6.50 वर गेला. ही अडीच टक्केबिंदूंची, म्हणजे 250 बेसिस पॉइंटची वाढ. टक्क्यांत मोजलं तर साडेबासष्ट!

आणि ‘इन्क्रीज्ड बाय 200 पर्सेंट’ म्हणजे दुप्पट नव्हे, तिप्पट. दुप्पटीला गुपचूप ‘डबल्ड’ लिहावं.

वेतनश्रेणी

पगारापुरती भर. ब्रिटनमध्ये ‘पे राइज’, अमेरिकेत ‘रेझ’, आपल्याकडे ‘हाइक’. तिन्ही नामं आपापल्या गावी शुद्ध. ‘इन्क्रिमेंट’ मात्र सरसकट वापरू नये, तो ठरलेल्या श्रेणीतला एक टप्पा आहे. सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत वर्षाला साधारण 3 टक्के, तारीख 1 जानेवारी किंवा 1 जुलै. नोकरी बदलताना मिळालेली 30 टक्के वाढ इन्क्रिमेंट नव्हे.

बोरघाट

थोडं अवांतर. ‘अप’ म्हणजे वर, यावरही डोळे मिटून विश्वास नको. लोणावळ्याहून घाट उतरून मुंबईकडे येणारी गाडी रेल्वेच्या लेखी ‘अप’, आणि धापा टाकत घाट चढणारी ‘डाउन’. तिथे अप म्हणजे मुख्य ठाण्याकडे, उंचीशी संबंध नाही.

झेंड्याचंही तसंच. 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावर ध्वज खालून दोरीने वर नेतात, ते ‘होइस्ट’. 26 जानेवारीला कर्तव्यपथावर तो वरच बांधलेला असतो, नुसता उलगडतात, ते ‘अनफर्ल’. मराठीत दोन्हीला ‘ध्वजारोहण’ म्हणून आपणही गाडी दामटतोच.

पाटीपुसणी

बरं, राइज-रेझ मान्य. ‘बाय’ आणि ‘टू’ तर आधी शिकवायला हवेत, हेही मान्य. सोअर आणि सर्ज मात्र वाचताना कळले की पुरे, लिहायचा आग्रह नको. त्यापेक्षा उच्चार घोटवून घ्या. ‘प्राइस राइज’ म्हणताना शेवटी ‘स’ झाला की तांदळाचा भाव सांगितल्यासारखं वाटतं.

कर्ताकर्म

उच्चारावर आलातच तर ‘रेझ’चा जुळा भाऊही पाहा. आय काढून एसऐवजी झेड घातला की तोच उच्चार, अर्थ जमीनदोस्त करणे. बांधकामाच्या कागदात ‘रेझ द वॉल’ आणि ‘रेझ द वॉल’ यांत दोन अक्षरांचा फरक, आणि फोनवर तर तोही नाही. तिथे सरळ ‘बिल्ड’ किंवा ‘डिमॉलिश’ म्हणा.